शेवट आधीच फोडणाऱ्या बटणकाकू

आमच्या शेजारच्या बटणकाकूंचं तोंड आणि सुई एकदमच चालतात. एक थांबलं की दुसरीही थांबते, हे शर्टाच्या अख्ख्या कारखान्याला ठाऊक आहे. (कारखान्याची आणि आमच्या घराची भिंत एकच, तीही पातळ, त्यामुळे मलाही.) मागच्या खोलीत अकरा बायका हाताने बटणं लावतात आणि बावीस वर्षं काकू त्यांना गोष्टी सांगतात. खोड एकच. गोष्टीतला सगळ्यात साधाभोळा माणूस शेवटी चोर निघायचा. सुरुवातीला धक्क्याने बायकांच्या बोटांत सुया रुतायच्या. पुढे सवय झाली.

"काकू, डॉक्टरच चोर ना? फारच गोड बोलतोय मेला," गुरुवारी एकीने जांभई देत विचारलं. सगळ्या खिदळल्या. पंचाईत ही, की चोर डॉक्टरच होता!

ती जांभई सुपरवायझरने पाहिली. शुक्रवारी कोपऱ्यात नवाकोरा रेडिओ येऊन बसला. "सोमवारपासून हा बोलेल. तुम्ही मशीनवर जा, काकू."

मशीनच्या खोलीत स्वतःचा खोकलाही ऐकू येत नाही. तिथे गोष्ट सांगायची कुणाला?

काकूंनी बाह्या सरसावल्या. "सोमवार अजून उजाडायचाय. ऐका गं. म्हातारा पोस्टमन एका बाईला तिच्या हरवलेल्या मुलाचं पत्र नेतोय. तो पोचतो, पण ती आदल्याच दिवशी घर सोडून गेलेली असते. हा झाला शेवट. आता पहिल्यापासून सांगते."

"शेवटच फोडलात? मग ऐकायचं काय, कपाळ?"

काकूंनी लक्षच दिलं नाही. पोस्टमन निघाला. वाटेत मित्राने त्याला चहाला बसवलं.

"अहो, उठा!" जांभईवाली ओरडली.

त्याने दुसरा कप मागवला.

"मुडद्या, कप काय मागवतोस! ती ट्रंक भरतेय तिकडे!"

अकरा सुया अशा पळत होत्या, जणू त्याची सायकल त्यांनाच हाणायची होती. दारातून सुपरवायझर म्हणाला, "काकू, एक दिवस आधी पोचवा त्याला. हुकूम समजा."

"मशीनवर पाठवा, नाहीतर घरी पाठवा. सांगितलं तेच होणार. ती जाणार म्हणजे जाणार!"

आणि ती गेलीच. पोस्टमन कुलूपबंद दारासमोर उभा राहिला. जांभईवालीच्या हातातलं बटण जमिनीवर पडलं.

सुपरवायझरने स्टूल ओढलं. "निदान ती गेली कुठे, एवढं तरी सांगा."

काकूंनी दाताने दोरा तोडला.

"आधी तो रेडिओ उचला."