चेंडू भुईवर ठेव

“ठेव! खाली ठेव तो! भुईवर ठेव!”

वकीलसाहेब ओट्यावरून ओरडले. माह्या हातात फुटबॉल होता. त्यांचा पोरगा अंगणात एकटाच चेंडू मारून राह्यला होता. चेंडू घरंगळत माह्यापाशी आला, म्या वाकून उचलला आन् पोराकडं हात पुढं केला. एवढंच. पोरानं बी हात पुढं केल्ते. लहान होतं, त्याला काय कळतंय. बापाचं ओरडणं ऐकलं आन् चटका बसल्यावानी हात मागं घेतले त्यानं.

म्या चेंडू खाली ठेवला. पायानं ढकल म्हणले. ढकलला. मंग पोरानं उचलून घेतला. भुईला लागला की झालं. भुई सगळा विटाळ पिऊन घेते म्हणे.

मी तिथं मैदान मागायला गेल्तो.

निजामाचं राज्य होतं तवाची गोष्ट. मी जालन्यात एका जिनिंगमधी कापसाच्या गठाणी ओढायचो. राहायला कुंडलिकेच्या काठी, म्हारवाड्यात. बाप छावणीत घोड्यांच्या तबेल्यात कामाला होता, तिथं माहं लहानपण गेलं. शिपाई सांजच्याला फुटबॉल खेळायचे. त्यांना गोलात उभं राहायला कुणी नसलं की मला हाक मारायचे, “ए छोकरे, आ जा.” तिथं कुणी जात इचारली न्हाई. चेंडू छातीशी धरला की शिपाई पाठीवर थाप मारायचे. मंग बाप मेला, छावणी सुटली आन् खेळ बी सुटला.

वस्तीतली पोरं नदीच्या वाळूत चिंध्यांचा गोळा करून मारायची. एक दिवस मला राहवलं न्हाई. म्हणलं, अरे असं न्हाई रे गाढवांनो, असं मारतात. झालं. दुसऱ्या दिवशी समदी माह्या दाराशी. मला मास्तर म्हणायला लागली. मास्तर! माह्या बापाला उभ्या जन्मात कुणी धड नावानं हाक मारली न्हवती आन् मी मास्तर. छाती फुगली माही, खोटं कामून बोलू.

पण खेळता येणं येगळं आन् शिकवणं येगळं. चेंडू जिकडं जाईल तिकडं सगळी पोरं एकदम पळायची, शेळ्यांचा कळप पळतो तशी. मी बोंबलून बोंबलून घसा बसवून घ्यायचो. शिव्या द्यायचो. पोरं हसायची. मंग एक दिवस म्या वाळूत धोंडे मांडले. ह्यो धोंडा तुहा, त्यो धोंडा त्याचा. धोंड्यापासून लांब गेलास तर माह्याशी गाठ हाय. तवा कुठं पोरांच्या डोक्यात उजेड पडला. हळूहळू चेंडू एका पायातून दुसऱ्या पायात जाऊ लागला. पहिल्यांदा तसा गेला तवा मी येड्यासारखा नाचलो.

गोलात किसन होता. गयाबाईचा पोरगा. गयाबाई माह्याच जिनिंगमधी कापूस निवडायची. किसनचे हात लई मोठे. चेंडू कसा बी येऊ दे, त्याच्या हातात जाऊन बसणार.

पण वाळूत खेळ किती दिवस खेळणार? पाय रुततात, चेंडू उसळत न्हाई. गावात एकच मैदान होतं, सपाट, लाकडी खांबाचे गोल असलेलं. ते वकीलसाहेबांच्या क्लबाचं. म्हणून त्या अंगणात गेलो.

वकीलसाहेब सुधारलेले होते बरं का. त्यांनीच सांगितलं मला तसं. म्हणले, “आम्ही जुन्या मताचे नाही. तुमच्या पोरांनी खेळावं. आमच्या पोरांसंगं एक सामना करा. बरोबर पार पडला तर दर शुक्रवारी सुटीच्या दिवशी मैदान तुमचं.”

मी खूश झालो. मंग म्हणले, “पण पायानंच खेळायचं. पाय भुईवरच असतो, त्याचं काही नाही. हात लावायचा नाही, बोटसुद्धा नाही; अंगावर आपसूक आदळला तर गोष्ट वेगळी. चेंडू रेषेबाहेर गेला तर तुमच्या वाट्याचासुद्धा आमचीच पोरं आत टाकतील.”

“पण साहेब, गोलकीपरला हातानं धरावंच लागतं. कायदाच हाय तसा.”

“तो विलायतेतला कायदा. इथला वेगळा.”

माह्या तोंडून निसटलं, “चेंडू तर आमच्या वस्तीशेजारचा चांभार शिवतो, साहेब. हातानंच शिवतो.”

ते रागावले न्हाईत. हसले. “शिवून आला की तेल लावून चांगला उन्हात ठेवतो आम्ही.”

मी काय म्हणलो ठाऊक हाय? “बराबर हाय साहेब.” माहंच तोंड. त्या तोंडाला किडे पडले न्हाईत.

डोळ्यापुढं नुसतं मैदान दिसत होतं मला. एकदा पोरं आत घुसली की मंग बघू, असं मनात. पण पोरांचे हात कुठं ऐकतात? चेंडू आला की हात जाणारच, अंगाचीच रीत हाय ती. किसनचे तर पहिले जायचे. हात लागला तर सामना गेला, मैदान गेलं, सगळं गेलं. मंग म्या काय करावं? पोरांच्याच खांद्यावरचे गमजे घेतले आन् एकेकाचे हात मागं बांधले. म्हणलं, आता पळा.

पोरं आधी हसली. मंग पडायला लागली. पळताना माणसाचा तोल हातावर असतो. हात बांधलेलं पोर पडलं तर तोंडावरच पडतं. वाळू तोंडात जायची. उठ, म्हणायचो मी. पुन्हा पळ. किसनला गोलात उभं करून मी चेंडू मारायचो. पायानं अडव. गुडघ्यानं अडव. छातीनं अडव. हात हलला की ओरडायचो. नदीवर धुणं धुणाऱ्या बाया बघत राहायच्या. गयाबाईनं एकदा इचारलं, “हे काय चालवलंस रे?”

“शिस्त हाय, माय.”

ती दगडाकडं वळली. कपडा आपटत राहिली.

सामन्याच्या दिवशी मैदानावर चुन्याच्या रेषा, खुर्च्या, पेठेतले व्यापारी, कचेरीतले लोक. आमची माणसं लांब, बाभळीपाशी. सीटी शाळेच्या ड्रिल मास्तरकडं होती. मुसलमान माणूस, खेळ पुरा जाणणारा. म्या हळूच म्हणलं, “साब, गोलकीपरचं तरी बघा. कायदा तुम्हाला ठाऊक हाय.” त्यानं माह्याकडं बघितलं न्हाई. “मैं तो सीटी बजानेवाला हूं, भाई. कायदा उनका.”

खेळ सुरू झाला. पोरं आपापल्या जागा धरून अशी खेळली की माहं काळीज सुपाएवढं झालं. पण चेंडू रेषेबाहेर गेला की त्यांचा पोरगा यायचा, दोन्ही हातांनी डोक्यावरून चेंडू आत टाकायचा. पाळी आमची असो का त्यांची, चेंडू त्यांच्याच पोराच्या पायात. लोक हसायचे. आमची पोरं माह्याकडं बघायची. मी खाली बघायचो.

तरी गोल होईना. त्यांचा बी न्हाई, आमचा बी न्हाई. वकीलसाहेब खुर्चीत चुळबुळ करून राह्यले होते.

मंग त्यांच्या एका धिप्पाड पोरानं जवळून चेंडू हाणला. वर आला, सरळ किसनच्या तोंडावर. हात उचलला असता तर हातात आला असता. सोपा झेल होता, डोळे मिटून घेतला असता त्यानं. त्या दिवशी त्याचे हात मोकळे होते, कुणी बांधले न्हवते. पण त्यानं हात मागं नेले, एका हातानं दुसरा हात गच्च धरला आन् तोंड पुढं केलं.

आवाज मला लांबून ऐकू आला. नाक फुटलं. चेंडू बाहेर गेला, गोल न्हाई झाला. टाळ्या पडल्या. टाळ्या! वकीलसाहेब उठून उभे राहिले.

“शाब्बास! ह्याला म्हणतात शिकवणं! हात हलला का बघा पोराचा!” आन् बाजूच्या पाहुण्यांना म्हणले, “एकदा सांगितलं की ऐकतात.”

जोड्यानं मारलं असतं तर एवढं लागलं नसतं. ती शाबासकी मला होती.

मी रेष ओलांडून आत गेलो. किसन गुडघ्यावर बसला होता, रगत हनुवटीवरून छातीवर. मला बघून म्हणाला, “मास्तर, म्या हात न्हाई लावला.”

माह्या अंगाची लाही लाही झाली. स्वतःचा असा राग त्याआधी कधी आला न्हवता, त्यानंतर बी न्हाई. म्या चेंडू उचलला. दोन्ही हातांनी उचलला. सगळं मैदान बघून राह्यलं होतं. किसनपुढं धरला. “धर.”

त्यानं खुर्च्यांकडं बघितलं.

“तिकडं काय बघतो? माह्याकडं बघ. धर!”

त्यानं धरला. छातीशी.

मंग एकच कालवा. “काढा ह्यांना बाहेर!” माणसं काठ्या घेऊन धावली. सगळी भोवती गोळा झाली, चेंडू टाक, टाक म्हणून ओरडून राह्यली, पण एक बी माणूस हिसकावून घेईना. हिसकावायचं तर शिवावं लागतं. लांबून काठ्या मारत होते. म्या किसनला पोटाखाली घेतलं. पाठ माही फुटली. ड्रिल मास्तर मधी पडला, त्याला बी एक बसली. कानाशी येऊन म्हणाला, “बच्चों को ले जाओ. जल्दी.”

निघताना किसननं चेंडू डोक्यावर नेला आन् दोन्ही हातांनी मैदानात फेकला. कसा फेकायचा हे म्या त्याला कधी शिकवलं न्हवतं. चेंडू भुईवर पडला, घरंगळला, थांबला. भुईला लागला होता की न्हाई? तरी कुणी उचलंना. तवा मला बराबर कळलं, भुईचं ते सगळं थोतांड होतं.

दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या फाटकावरूनच मला परत लावलं. सांजच्याला गयाबाईकडं गेलो. ती किसनच्या नाकाला हळद लावत होती. मला वाटलं, वकिलाच्या नावानं बोटं मोडंल. म्हणलं, “माय, त्या वकिलानं...”

“वकिलाला काय बोलू? त्यो तसाच हाय, समद्यांना ठाऊक हाय. हात तू बांधलेस.”

खरं होतं ते. आजबी खरं हाय.

मी उठलो तवा ती म्हणाली, “पोरगं उद्या पाठवीन. पण पुन्हा बांधलेस तर तुहं मनगट मोडीन मी.”

पुढं ड्रिल मास्तर निरोप घेऊन नदीवर आला. वकीलसाहेब मोठ्या मनाचे, त्यांनी इचार केला होता. मी सगळ्यांपुढं माफी मागावी. मंग मैदान मिळंल. गोलकीपरला हात लावायची बी परवानगी. फक्त त्यानं हाताला फडकं गुंडाळावं.

पोरं माह्या तोंडाकडं बघून राह्यली होती. त्यांना मैदान पाहिजे होतं. मला बी पाहिजे होतं, अजून बी पाहिजे.

म्या ड्रिल मास्तरला सांगितलं, “फडकं न्हाई आन् माफी बी न्हाई. सामना पाहिजे तर त्यांनी हितं वाळूत यावं. पुऱ्या कायद्यानं. सीटी तुम्ही वाजवा, पण कायदा बघून वाजवा. न्हाई आले तर आम्ही आमच्यात खेळू, पोरं म्हातारी होईस्तोवर खेळू. पण एक बोट बी कमी करून खेळणार न्हाई. आन् ह्याच्यापुढं जो कुणी ह्या पोरांना कमी व्हायला सांगंल, त्याला आधी माह्याशी भिडावं लागंल. मग त्यो वकील असो, तहसीलदार असो, न्हाई तर मी सोता असो.”