तीन दिवसांच्या गोळ्या

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, सकाळ. इंदिरानगर, विमलकाकूंचा फ्लॅट. हजर: स्वतः काकू, निफाडहून आलेली त्यांची धाकटी जाऊ शकूताई, समोरच्या दारातली मी आणि फोनच्या स्पीकरवर हैदराबादहून मुलगा महेश. काम: नातीच्या बारशाला निघालेल्या काकूंची बॅग भरणे.

बॅग म्हणजे शाळेत शिकवत असताना त्या जिच्यातून डबा नेत ती खाकी झोळी. मी सवयीप्रमाणे यादी करून आणली होती. काकूंनी ती चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "माधुरी, ही प्रवासाची यादी नाही. घर थाटायची आहे."

महेश सांगत होता, "आई, विमानात पंधरा किलो चालतं. भरून आण."

"एसटीत पन्नास माणसं मावतात, म्हणून मी पन्नास घेऊन बसते का रे?"

आमच्याकडे लेकाकडे जाणारी बाई हमालासारखी लादलेली असते. शकूताईंनी बेदाणे, कुरडया आणि नवी गोधडी आणली होती. "अवो बाई, लेकाकडं रिकाम्या हातानं? सून काय म्हनल? लय वाईट दिसतं."

"हात रिकामे नकोत का शकू? बाळाला कशानं घेऊ?"

या हट्टामागचं कारण मला ठाऊक होतं. आधी एकदा काकू मोठी सूटकेस घेऊन पंधरा दिवसांसाठी हैदराबादला गेल्या होत्या. मग मोठ्या नातवाच्या परीक्षा आल्या, मग सुनेची नवी नोकरी, मग कामवाली सुटली. आठ महिने गेले. वाईट कोणीच वागलं नाही. परत आल्या तेव्हा कुंड्यांत नुसती माती होती. कुलूप उघडून त्या बराच वेळ दारातच उभ्या होत्या. "घराला माझा वासच राहिला नाही गं," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "माणसाला कोणी अडवत नाही. आधी सामानाला कपाट देतात."

या खेपेला महेशने जायचंच तिकीट काढलं होतं. परतीचं काकूंनी माझ्याकडून काढून घेतलं होतं.

झोळीत एक साडी, टॉवेल, दात घासायचा ब्रश आणि बाळाचे चांदीचे वाळे गेले. तेवढ्यात महेश म्हणाला, "आणि बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या आण. इथं त्या लवकर मिळत नाहीत."

कुरडया बांधणारे शकूताईंचे हातही थांबले.

"महेश, बारसं किती महिन्यांचं आहे रे?"

"तसं नाही आई, जवळ असू देत..."

काकू स्वयंपाकघरात गेल्या, कात्री घेऊन आल्या आणि पट्टीतून तीन गोळ्या कापल्या. फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "ऐकलास आवाज? माझं घर इथं आहे, बाळा. तीन दिवस मनापासून येते." उरलेली पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली. शकूताई गोधडी उचलून पुटपुटल्या, "हिच्याफुडं कुनाचं चालत नाय."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू ओझरच्या विमानतळावरून टॅक्सीने आल्या. मी चहा टाकला.

"थांबवलं नाही कोणी?"

"थांबवलं ना! कपडे नाहीत म्हटल्यावर सुनेनं चार साड्या आणल्या. सुंदर आहेत गं. तिच्याच कपाटात ठेवून आले. म्हटलं, पुढच्या वेळी झोळीही नको."

"आणि महेश?"

"रडला. मीही रडले. पण गोळ्या संपल्या होत्या."

त्यानंतर त्या आणखी दोनदा गेल्या, दोन्ही वेळा तीनच गोळ्या घेऊन. या श्रावणात त्या गेल्या, त्या आपल्या घरात, आपल्या पलंगावर. त्या दिवशी कुंड्यांना पाणीसुद्धा घालून झालं होतं. महेश आला, घर आवरलं आणि झोळी माझ्या हातात ठेवून म्हणाला, "ही तुम्हीच ठेवा. मला हिची भीती वाटायची."

परवा मी लेकीकडे दिल्लीला चालले आहे, तीन दिवसांसाठी. काल तिचा फोन आला: "आई, तुझ्या बीपीच्या गोळ्या जरा जास्तच आण हं." झोळी भरून दारापाशी ठेवली आहे. यादीत बाकी सगळ्यावर खूण झाली. गोळ्यांची अख्खी पट्टी मात्र टेबलावर आहे, शेजारी कात्री. कापायची राहिली आहे.