कडुलिंबावरचा जोड

"डबा बिचारा काय करील? आधी बाहेर चला."

कुणाच्याही घरचा फोन बिघडला की आमचे लाईनमनकाका एवढंच म्हणत, फोनच्या डब्याकडे ढुंकूनही पाहत नसत. त्यातून निघालेली वायर दोन बोटांत धरायची आणि तिच्यामागे चालू लागायचं. खोलीतून ओसरीत, ओसरीतून अंगणात, अंगणातून थेट खांबापर्यंत. मागे घरातली सगळी माणसं. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याची नुसती चाल बघून वाटतं की आता काम होणार. परतूरमध्ये ती चाल काकांची होती.

मी तेव्हा कंप्युटरचं दुकान टाकलं होतं आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. काका नोकरीतून रिटायर झालेले, गुडघे गेलेले, तरी रोज दुकानात येऊन बसायचे. मला "कंप्युटरवाले" म्हणायचे, तेही अहोजाहो करून. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

गावात ब्रॉडबँड नुकतं आलं होतं, तेही फोनच्याच वायरीतून. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी म्हणून जन्म घालवलेले अण्णा घरी एकटेच राहायचे. एकदा न्हाणीत पाय घसरून पडले आणि दोन तास कुणाला पत्ताच नाही. त्यांची एकुलती मुलगी सुरेखा पुण्याला नोकरीला. तिने माझ्याकडून ओसरीवर एक छोटा कॅमेरा बसवून घेतला. सकाळी अण्णा खुर्चीत चहा प्यायला बसले की ती तिकडे ऑफिसात त्यांना बघायची आणि मग कामाला लागायची.

पण चित्र अडकायचं. एकदा तिला अण्णा दहा मिनिटं तस्सेच दिसले, मान खाली, कप हातात. तिने रडत रडत फोन करून शेजाऱ्यांना पळवलं. अण्णा परसात दोडक्याच्या वेलाला निवांत पाणी घालत होते. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा सुरेखा म्हणाली, "अण्णा, माझा जीव थाऱ्यावर राहत न्हाई. रविवारी गाडी घेऊन येते. घराला कुलूप लावा अन् चला माझ्यासंगं."

अण्णांनी माझे दोन्ही हात धरले. "पोरगी चांगलीय, जावई चांगलाय. पण मी तिथं चौथ्या मजल्यावर काय करू? रविवारच्या आत तेवढं तुमचं यंत्र नीट करा."

मी चित्राचा आकार लहान केला. राऊटर बदलला, त्याची जागा बदलली, दहा वेळा बंद-चालू केला. माझ्यासमोर छान चालायचं आणि मी दुकानात पोचेपर्यंत पुन्हा अडकलेलं असायचं. शेवटी तोंड पाडून काकांना सांगितलं.

"कव्हा अडकतं?" काकांनी विचारलं.

"कधीही."

"कधीही असं काही नसतंय, कंप्युटरवाले. बसून बघितलं का तुम्ही?"

बघितलं नव्हतं. गुरुवारी सकाळी काकांनी राऊटर खिडकीत ठेवायला लावला आणि स्वतः ओसरीच्या पायरीवर बसून नुसते त्याच्या दिव्याकडे बघत राहिले. मी दोनदा घड्याळ पाहिलं. तासाभराने ते म्हणाले, "वारं आलं की दिवा जाऊन राह्यलाय." मग अण्णांकडे वळले. "फोनात खरखर येती का?"

"येणारच की," अण्णा म्हणाले. "फोन म्हणलं की खरखर आलीच. पहिल्या दिवसापासून हाय."

काका उठले. वायर दोन बोटांत. ती अंगणातल्या कडुलिंबावर चढत होती आणि वर फांदीच्या बेचक्यात सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेला एक जोड होता. मी चढतो म्हणालो. "तुम्ही शिडी धरा," म्हणत काका गुडघे वाजवत स्वतःच चढले. पट्टी सोडली. आत तांबं हिरवं पडलं होतं. काकांनी तारांचा पीळ बोटांत धरून उलटसुलट करून पाहिला.

"काका, काय झालं?"

"हा माझाच हात हाय."

काका डावखुरे होते, त्यांचा पीळ सगळ्यांच्या उलट पडायचा. बारा वर्षांपूर्वी अण्णांच्या घरी फोन लागला, तो त्यांनीच लावला होता. सुरेखा दुसऱ्याच दिवशी शिकायला औरंगाबादला निघणार होती आणि घाई होती. वायर कमी पडली, म्हणून काकांनी झाडावर दोन तुकडे जोडले, "उद्या येऊन पक्का करतो" म्हणाले, पेढा खाल्ला आणि गेले. तो उद्या राहूनच गेला. बोलायला तसा जोड चालून जातो, चित्राला चालत नाही.

खरं तर गप्प राहिले असते तरी कुणाला कळलं नसतं. मी असतो तर राऊटरवर ढकलून मोकळा झालो असतो, हे मला तिथेच शिडी धरून कळलं आणि लाज वाटली. काका खाली उतरले आणि सरळ अण्णांसमोर जाऊन उभे राहिले.

"अण्णा, चूक माझी हाय. पक्का करतो म्हणून गेल्तो, आलोच न्हाई."

अण्णांनी विचारलं, "म्हंजे बारा वर्षं पोरीचा आवाज मी खरखरीतून ऐकला, तो तुझ्यामुळं?"

"व्हय."

"मंग सजा हाय तुला. रोज सकाळी यायचं, लाईन बघायची अन् माझ्यासंगं चहा प्यायचा."

काकांनी त्याच दिवशी खांबापासून घरापर्यंत एकसंध नवी वायर ओढली. शनिवारी चांगलं वारं सुटलं होतं. फोनवरून सुरेखा म्हणाली, "अण्णा, हात हलवा." अण्णांनी हलवला. तिकडून "दिसला, अण्णा, दिसला!" आणि मग नुसतं रडणं. तेही स्वच्छ ऐकू आलं. रविवारी गाडी आली नाही.

सजा काकांनी इमानदारीनं भोगली. अण्णांनी त्यांच्यासाठी ओसरीवर दुसरी खुर्ची आणून ठेवली. काका आधी वायर धरून खांबापर्यंत जायचे, परत येऊन "बराबर हाय" म्हणायचे आणि मगच कप उचलायचे. सुरेखा गमतीने मला म्हणायची, एका म्हाताऱ्यासाठी कॅमेरा घेतला, दोन मिळाले.

दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्यात एका संध्याकाळी काकांच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. त्या धावपळीत सुरेखाला कळवायचं कुणालाच सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडत होतो, तेवढ्यात तिचा फोन आला.

"दादा, चित्र परत अडकलंय वाटतं."

"का? अण्णा दिसत नाहीत का?"

"दिसतात ना. चहा ओतून तस्सेच बसलेत. दोन्ही कप भरलेत. पण दुसरी खुर्ची केव्हाची रिकामीच दिसतीय."

मी शटर परत खाली ओढलं.

"लाईन बराबर आहे, ताई," मी म्हणालो.