खांद्यापर्यंत हळद

जबलपूरचं गोरखपूर मागे पडलं, तेव्हा कुठे विनताने तोंडावरचा स्टोल सोडला. तिच्या नणंदेचं, शैलजाचं पार्लर त्याच रस्त्यावर, म्हणून आम्ही दोन गल्ल्यांचा वळसा घेतला होता. चेरीतालहून ग्वारीघाट पायी म्हणजे अडीच तास. महिन्यातून एका सोमवारी मी नर्मदामाईच्या दर्शनाला अशी जाते. या वेळी शेजारची विनता म्हणाली, "ज्योतीताई, मी पण येते. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

तिचा चेहरा मी आज पहिल्यांदा उघड्यावर नीट पाहिला. गाल लालभडक, हनुवटीवर पुरळ, कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसाव्यात. इकडे स्कूटरवरच्या सगळ्याच बायका तोंड बांधतात, त्यामुळे शाळेत जातायेताना कोणाला कळत नाही.

विनता शाळेत गणित शिकवते. सात वर्षांपूर्वी तिला थायरॉईड निघाला. पहाटे अनशापोटी गोळी, मग तासभर चहा नाही. थंडी अशी वाजायची की मार्चमध्येही पायात मोजे. फणीत केसांचे पुंजके. दुपारी वही तपासता तपासता मान पडायची. नणंद शैलजा चारचौघांत म्हणायची, "आमच्या वहिनीला बसल्या जागी झोप लागते, नशीब लागतं त्याला." विनता हसून सोडून द्यायची. तिला सख्खी बहीण नाही, शैलजालाच ती बहीण मानायची.

चेहरा कोरडा पडून कोंडा उडायला लागला, तेव्हा शैलजानेच पार्लरमधून पांढरी डबी आणून दिली. वर नाव नाही, काही नाही. "केशर-बदाम आहे. खास तुझ्यासाठी घोटलंय." आठ दिवसांत चेहरा उजळला. दोन वर्षं विनता तीच क्रीम लावत होती.

मग आग सुरू झाली. शैलजा म्हणाली, "थायरॉईडचं तोंड असंच होतं, वहिनी. दोन वेळा लाव." विनताने तीनदा रक्त तपासलं. रिपोर्ट तिन्ही वेळा ठीक. शेवटी नेपियर टाउनच्या कातडीच्या डॉक्टरांनी विचारलं, तोंडाला काय लावता? डबी पाहून ते म्हणाले, यात स्टिरॉईड घातलेलं दिसतं. आता माझ्या देखरेखीखाली बंद करा. बंद केल्यावर आधी वाढेल, मग हळूहळू बसेल.

"शैलजाला ठाऊक नसेल गं," मी म्हटलं.

विनता रस्त्याच्या कडेला थांबली. "मला पण तेच वाटलं, ताई. पण भाऊबीजेला तिची यामिनी माझ्या डबीत बोट घालून राहिली होती. शैलजाने तिला हाताला धरून नळाखाली नेलं. बोट साबणाने धुतलं. म्हणाली, तू नाही लावायचं, मामीचं आहे ते. मला वाटलं, माझी वस्तू जपून राहिली."

मी मनात माईचं नाव घेतलं आणि चालत राहिले.

"अनुपम काय म्हणतात?" मी तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं.

"काय म्हणणार? 'जान-बूझकर थोड़े ही किया होगा. लग्न तोंडावर आहे, बात मत बढ़ाओ.' मी म्हटलं, लग्न तुमच्या तोंडावर, आग माझ्या." ती हसायला गेली, पण गाल ताणले गेले नि थांबली.

मुलाचं, अक्षतचं लग्न दोन आठवड्यांवर आलं आहे. त्यांच्या घरात नवऱ्या मुलाशेजारी आईही पाटावर बसते, आणि दोघांना हळद लावायचा पहिला मान आत्याचा.

घाटावर विनताने ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं. गालांना लावलं नाही. पायरीवर बसल्यावर मी म्हटलं, "मी बोलू का शैलजाशी?"

"नका बोलू. तुम्ही बोललात तर ती रडेल, आणि मग मीच तिची समजूत काढत बसेन. इतकी वर्षं तेच केलंय."

"मग तिला हळदीला बोलावू नकोस."

"काहून? अक्षतची आत्या आहे, तिचा मान तिला देईन." तिने स्टोल पुन्हा बांधायला घेतला. "फक्त तुम्ही त्या दिवशी माझ्या उजव्या हाताला उभ्या राहा, ताई. हळद पायापासून वर चढवतात. तिला पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना लावू द्या. खांद्याला लावून झालं की वाटी तिच्या हातातून काढून घ्या. कोणी विचारलं तर म्हणा, विनताने सांगितलंय."