शेठच्या गोदामात माझ्या घरचा राउटर

आता काय झालं ते सांगतो, पण आधी चहाचे कप खाली ठेवा, अंगावर सांडेल!

मानपाड्याला आमचा मिठाईच्या खोक्यांचा कारखाना. आमचा म्हणजे म्हात्रे शेठचा, मी नुसता मॅनेजर. शेठ म्हणाले, "बाला, गोदामात वायफाय पायजे. कोनला तरी बोलव."

बोलवायचं कशाला? मी काय मेलोय? कोपरीच्या घरी माळ्यावर जुना राउटर पडलेला. तो आणला. ऑफिसच्या नेटवर्कची एक वायर गोदामापर्यंत आलेलीच होती, ती दिली त्यात खुपसून. मोबाईलवर सिग्नल फुल्ल! शेठनी पाठ थोपटली. मी हवेत!

दुपारी हिशेब बघणाऱ्या सावंतकाकू किंचाळल्या, "अहो, हे काय आलं?" स्क्रीनवर ही मोठी अक्षरं: 'आधी अभ्यास. मग इंटरनेट.'

शेठच्या कॉम्प्युटरवरही तेच! आणि गेटवर दिवाळीचा माल भरून ट्रक उभा. मालाचं ई-वे बिल नेटवरूनच निघतं, त्याशिवाय तो हलणार कसा? नाशिकच्या मिठाईवाल्याने सकाळीच दम दिलेला, आज माल निघाला नाही तर ऑर्डर रद्द.

"हॅकर!" मी गरजलो. "कोणी फालतू लिंक उघडली?"

"हॅकर आपल्याला अभ्यासाला कशाला बसवंल रं?" शेठ म्हणाले.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. अहो, हे वाक्य आमच्या घरचं! बायकोने चिरंजीवांसाठी त्या राउटरमध्ये भरून ठेवलेलं. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवते. घाबरत घाबरत तिला फोन लावला. शेठनी तो स्पीकरवर टाकायला लावला.

"अरे, तसाच जोडलास?" ती म्हणाली. "कॉम्प्युटरना नेटचा रस्ता ऑफिसचा राउटर दाखवतो. तू तिथे दुसरा रस्ता दाखवणारा बसवलास, सगळे त्याच्या मागे गेले! आधी वायर काढ. कॉम्प्युटर बंद करून चालू करा."

काढली. बिल निघालं. ट्रक सुटला!

मग तिने पासवर्ड दिला आणि फोनवरूनच माझ्याकडून राउटरचं ते रस्ता दाखवणं बंद करून घेतलं. आता तो निमूटपणे फक्त वायफाय देणार. पुन्हा जोडला, तर गोदामही चालू आणि ऑफिसही! ना आवाज चढला, ना एक शब्द चुकला. काय बाई आहे! खरं सांगतो, अभिमानाने छाती फुगली माझी.

शेठ तर खूशच. "वैनी, याच्या जागंवर तुम्हीच या ना कामाला!"

"नको हो शेठ," ती म्हणाली. "तुम्ही यांना दिवसभर सांभाळता, तेवढाच मला आराम!"