पंधराच्या जागी शेणाचा गोळा

नूकरत्नम टीचरच्या दारात संक्रांतीच्या महिन्यातही रथ नाही की कमळ नाही. रांगोळीची एक लांब रेघ, टोकांना बाण, मध्ये आकडे. सातवीला गणित शिकवून बाईंचं पोट भरत नाही, असं आमची गल्ली म्हणते, पण जाणारा-येणारा वाकून बघतोच आणि विचारतो, "आज काय मांडलंय, टीचर?"

त्या दिवशी शेजारची लोवकुमारी काही न विचारता नुसती येऊन उभी राहिली. देवळापुढच्या रांगोळी स्पर्धेची ती वर्षभर वाट पाहत होती. स्पर्धा भरवणाऱ्या सत्तिबाबूंनी फळ्यावर दोन गट लिहिले होते: पंधरा वर्षांच्या आतल्या सकाळी, पंधराच्या वरच्या दुपारी. लोवा नेमकी पंधराची. तिचं नाव कुठल्याच गटात घेईनात.

"सत्तिबाबू, जरा इकडे या," ते गल्लीतून जाताना दिसले तशी टीचरनी हाक मारली. पंधरावर त्यांनी पोकळ वर्तुळ काढून डावीकडे बाण ओढला. "ही तुमची सकाळ." खाली दुसरी रेघ, पंधरावर तसंच पोकळ वर्तुळ, बाण उजवीकडे. "ही दुपार. पोकळ म्हणजे तो आकडा धरायचा नाही. आता सांगा, पंधरा कुठे बसला?"

सत्तिबाबू उकिडवे बसून बघत राहिले. "कुठंच नाही की. मग दोन्ही भरून टाका."

"म्हणजे ही दोन्हीकडे उतरणार? बाकीच्यांच्या आया सोडतील तुम्हाला?"

"नको बाई. एकच भरा. कुठलं?"

"ते गणित सांगत नाही. ते तुम्ही ठरवायचं."

शाळेत मी अशी कितीतरी वर्तुळं भरली, पण ती भरायची की नाही हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सत्तिबाबू लोवाला म्हणाले, "सकाळी ये. लहानांत तूच जिंकशील."

रांगोळीत ठेवायला वळलेले शेणाचे गोळे टोपलीत होते. लोवानं एक उचलला, त्यावर भोपळ्याचं फूल खोचलं आणि दुपारच्या वर्तुळात मधोमध ठेवला.

"अगं, तिथं माझी बायको आहे."

"माहीत आहे, काका. दर वर्षी त्याच तर जिंकतात."

टीचर हसू दाबत म्हणाल्या, "मग फळ्यावर आता काय लिहाल?"

"पंधरा आणि त्याहून मोठ्या," सत्तिबाबू उठत म्हणाले. "आणि घरी काय सांगू, तेही कुणीतरी मांडून द्या."