आतोबांनी काढलेला नियम

निर्दोष अर्जावर जीव ओवाळून टाकणारा आणि जन्मात एकही अर्ज निर्दोष न सापडलेला माणूस अख्ख्या बेंगळुरूत एकच, आमचे आतोबा. माझ्या आत्याचे यजमान. पस्तीस वर्षं त्यांनी एका तालुका कचेरीत बसून लोकांच्या अर्जांत त्रुटी काढल्या आणि निवृत्तीनंतरही हात शिवशिवतच राहिले. वधूपित्याची सही नाही म्हणून आलेली लग्नपत्रिका त्यांनी एकदा परत पाठवली होती. आत्याच्या आमटीतसुद्धा त्यांना मीठ कमी लागत नाही, मिठाची ‘पूर्तता बाकी’ असते.

पूर्वी आत्याकडे स्वयंपाकाला असलेल्या सरोजक्का आता आनेकलला कपड्यांच्या कारखान्यात जातात. त्यांच्या मुलीला, भाग्याला, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत उत्तम गुण मिळाले. अंगातली सगळी हाडं पोरीला पाठ होती, पण आपण गरीब आहोत, खेड्यात शिकलो आणि तेही कन्नडमधून, हे सिद्ध केल्याशिवाय राखीव जागा मिळणार नव्हती. हे शास्त्र हाडांपेक्षा अवघड. आतोबांनी जे. पी. नगरातल्या आपल्या व्हरांड्यातच कचेरी थाटली. आठ दिवस ते स्वतः अधिकारी बनून टेबलामागे बसून भाग्याची तालीम घेत होते. पहिली पंधरा मिनिटं मान वर करायची नाही, मग ‘नंतर या’ म्हणायचं. ती न रडता तिथेच उभी राहायला शिकली, तेव्हा त्यांनी तिला पास केलं.

कागद तपासायच्या दिवशी मीही सोबत गेलो. अधिकाऱ्याने सगळी फाइल चाळली, काही सापडेना, तसा तो अस्वस्थ झाला. मग म्हणाला, या शाळेच्या दाखल्यावर सही करणारे गृहस्थ तेव्हा खरोखर मुख्याध्यापक होते, याचा दाखला कुठे आहे? शाळा केव्हाच बंद पडलेली, आणि मुदत संध्याकाळपर्यंतची. भाग्याचा चेहरा पांढरा पडला. आतोबांचा त्याहून.

“हा नियम कुठे लिहिलाय?” त्यांनी कन्नडात विचारलं.

“लिहिलेला नाही सर. पूर्वीपासून चालत आलाय.”

“पूर्वीपासून नाही. मी काढलाय तो. जेवायची वेळ झाली होती म्हणून.”

मला त्यांचा अभिमान वाटला आणि तितकाच रागही आला. त्यांनी कोरा कागद मागितला, सदर अट आपणच काढली असून ती निराधार आहे असं लिहून खाली सही ठोकली. अधिकाऱ्याला काय, फाइलला एक कागद हवा होता. त्याने शिक्का मारून तो जोडून टाकला.

परवा भाग्या पांढरा कोट घालून नमस्काराला आली. आतोबांनी सवयीने तिला वरपासून खालपर्यंत निरखलं, पण त्रुटी काढली नाही. ती गेल्यावर मला म्हणाले, “स्वल्प बस रे. तो नियम काढून त्या दिवशी मी जेवायला उठलो ना, तेव्हा समोर अशीच एक मुलगी होती. तो दाखला घेऊन ये म्हणालो तिला. जेवून आल्यावर बराच वेळ वाट बघितली मी. ती परत आलीच नाही.”